मत्स्य अनुदान करार आणि भारत: मच्छीमारांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जागतिक व्यापार संघटनेचा मत्स्य अनुदान करार १५ सप्टेंबर २०२५ ला अमलात आला. १६६ पैकी दोनतृतीयांश, म्हणजे १११ सदस्यांनी तो स्वीकारला की तो लागू होणार होता. ब्राझील, केनिया, व्हिएतनाम आणि टोंगा यांची कागदपत्रं पोहोचली आणि आकडा पूर्ण झाला. भारत त्या यादीत नव्हता. कराराचा मजकूर बोजड कायदेशीर भाषेत आहे. त्यामुळे किनाऱ्यावर त्याच्याबद्दल जे ऐकू येतं त्यात निम्मी भीती आणि निम्मी ऐकीव माहिती असते. मच्छीमार सोसायटीच्या सभेत, बंदरावर, मासळीच्या लिलावाच्या वेळी जे प्रश्न हमखास निघतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

भारताची सही झाली तर आमचा डिझेलवरच्या कराचा परतावा बंद होणार का?

नाही. सगळ्यात आधी हाच प्रश्न येतो, म्हणून उत्तरही आधी देतो. अमलात आलेल्या करारात डिझेलच्या अनुदानावर सरसकट बंदी नाही. नौका बांधणी, इंजिन, जाळी, विमा, बंदीकाळातली मदत यांवरही नाही. अनुदान कोणत्या कामासाठी आहे हे हा करार पाहत नाही. ते घेणारी नौका काय करते, एवढंच तो पाहतो.

परतावा महिनोन् महिने थकतो, सोसायटी बिलं लावून वाट पाहत बसते आणि मालक उधारीवर डिझेल भरून नौका पाठवतो. हा त्रास खरा आहे, पण त्याचं मूळ जिनिव्हात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या मुख्यालयात नाही. ते आपल्याच सरकारी कचेरीत आहे.

डिझेल, बर्फ, आमिष, खलाशांचा पगार, नवीन नौका हे सगळे शब्द एका मसुद्यात जरूर आहेत. पण तो मसुदा दुसऱ्या, अजून न झालेल्या कराराचा आहे. त्याबद्दल पुढे येईलच. या दोन गोष्टींची गल्लत झाल्यानेच निम्मा गोंधळ आहे.

मग करारात नेमकी बंदी कशावर आहे?

तीन गोष्टींवर. बेकायदा, नोंद न केलेली किंवा नियमनाबाहेरची मासेमारी करताना सापडलेल्या नौकेला किंवा तिच्या मालकाला अनुदान द्यायचं नाही. ज्या माशाचा साठा अतिमासेमारीने खालावला आहे त्याच्या मासेमारीला अनुदान द्यायचं नाही. आणि खोल समुद्रात जिथे कोणत्याही देशाची हद्द नाही आणि कोणतीही प्रादेशिक मत्स्य संघटनाही (अनेक देशांनी मिळून मासेमारीचे नियम ठरवणारी संस्था) नाही, तिथल्या मासेमारीला अनुदान द्यायचं नाही. बाकीचा बराच मजकूर सरकारांनी कोणती माहिती कळवायची याबद्दल आहे.

हे एवढंच ठरवायला २००१ च्या दोहा परिषदेपासून २१ वर्षं लागली. १७ जून २०२२ ला जिनिव्हात मजकूर मंजूर झाला, तोही निम्मा. कळीचा भाग बाजूला काढून ठेवला, तेव्हा कुठे एकमत झालं.

कोळंबी प्रकल्प, शेततळ्यातले मासे, धरणातली मासेमारी?

या करारात येत नाहीत. फक्त समुद्रातली पकड येते.

आमची नौका ‘बेकायदा’ आहे हे ठरवणार कोण? जिनिव्हातले साहेब?

जिनिव्हाला तो अधिकारच नाही. तीन जण ठरवू शकतात: ज्या देशाच्या हद्दीत मासेमारी झाली तो देश, ज्या देशाचा झेंडा नौकेवर आहे तो देश आणि संबंधित प्रादेशिक मत्स्य संघटना. म्हणजे भारतीय नौका भारतीय हद्दीत असेल तर निर्णय भारताचाच. कुठल्याही देशावर अशी चौकशी सुरू करायची सक्तीही नाही. निर्णयाआधी नोटीस द्यावी लागते, बाजू मांडायची संधी द्यावी लागते. अनुदान किती काळ थांबवायचं हे अनुदान देणारा देश गुन्ह्याचं स्वरूप, त्याचं गांभीर्य आणि तो पुन्हा पुन्हा झाला का हे पाहून ठरवतो. मात्र दंडाची किंवा कारवाईची मुदत चालू असेपर्यंत तरी ते थांबवावंच लागतं.

मालवणच्या मच्छीमाराने ही तरतूद नीट वाचावी. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर रात्री किनाऱ्याजवळ घुसतात, पारंपरिक मच्छीमारांची जाळी तोडून जातात, ही त्याची वर्षानुवर्षांची तक्रार. अशा ट्रॉलरवर गुन्हा सिद्ध झाला तरी त्याचं अनुदान चालू राहू शकतं, कारण दंडाची फाइल एका खात्यात आणि अनुदानाची दुसऱ्या राज्यात. हे दोन कागद एकमेकांना जोडा, असंच करार सांगतो. यात रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं पारंपरिक जाळं ओढणाऱ्याचं नुकसान काय आहे, मला तरी दिसत नाही.

आणि सीमेपलीकडे पकडलेल्या नौकांचं काय?

या प्रश्नावर म्हणावी तेवढी चर्चा होत नाही आणि ती व्हायला हवी. डहाणू-तलासरीकडचे कितीतरी आदिवासी तरुण गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जातात. मासळीच्या मागे नौका सरकते, पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा ती पकडते, खलाशी वर्षानुवर्षं कराचीच्या तुरुंगात राहतात. तमिळनाडूच्या नौकांचं पाल्कच्या सामुद्रधुनीत श्रीलंकेशी असंच चालू आहे.

कराराप्रमाणे, करारात असलेला किनारी देश आपल्या हद्दीत सापडलेल्या परदेशी नौकेला बेकायदा ठरवू शकतो आणि मग त्या नौकेचं अनुदान थांबवणं आपल्या सरकारवर येतं. हद्दीच्या वादावर निकाल द्यावा लागेल अशा दाव्यात जागतिक व्यापार संघटनेच्या तंटा मंडळाने हात घालायचा नाही, हेही करारात लिहिलं आहे. भारत-पाकिस्तान सीमेवरच्या सर क्रीक खाडीसारख्या वादग्रस्त पट्ट्यासाठी ती तरतूद मोलाची. पण जिथे हद्दीचा वाद नाही तिथे जोखीम खरी आहे. सरकारने सही करण्याआधी या नौकांचं काय करणार हे लेखी सांगावं, ही मागणी रास्त आहे. मात्र पकडलेल्या नौकेचं अनुदान गेलं तर फटका मालकाला बसतो. खलाशाच्या घरच्यांना मिळणारी मदत या बंदीत ओढली जाणार नाही, हेसुद्धा सरकारने त्याच कागदावर लिहून द्यायला हवं.

पापलेट संपत आलं आहे असं जाहीर झालं तर?

साठा खालावला आहे हे आपल्या हद्दीपुरतं भारतानेच ठरवायचं, उपलब्ध असलेल्या सर्वांत चांगल्या शास्त्रीय पुराव्यावर. तसं ठरलं तरी अनुदान लगेच बंद होत नाही. साठा पुन्हा भरून यावा म्हणून उपाय चालू असतील, तर अनुदान देता येतं. पावसाळी बंदी, जाळ्याच्या आसाची मर्यादा, लहान मासळी न पकडण्याचा नियम हे सगळे त्या उपायांत बसू शकतात.

खरी अडचण पुराव्याची आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने २०२२ मध्ये देशातल्या १३५ साठ्यांचं मूल्यमापन केलं आणि त्यातले ९१.१ टक्के सुस्थितीत असल्याचं सांगितलं. देशाच्या पातळीवर हा आकडा दिलासा देतो. पण सातपाटीच्या माणसाला तो वाचून दाखवा. ज्या गावाची ओळखच पापलेट, तिथे मोठ्या प्रतीचं पापलेट दिसेनासं होत गेलं, हे तिथला प्रत्येक तांडेल (नौकेचा म्होरक्या) सांगेल. सोसायटीत पापलेट वजनानुसार प्रतवारी करून घेतलं जातं. कोणत्या हंगामात कोणत्या प्रतीचं किती आलं हे खरेदीच्या वहीत उतरतं. राज्याने २०२३ मध्ये याच माशाला राज्य मासा केलं, पण या वह्या संगणकावर आणून शास्त्रज्ञांसमोर ठेवायचं काम त्याहून तातडीचं होतं. ज्या साठ्याची स्थिती माहीत नाही त्याला अनुदान देताना विशेष काळजी घ्या, असं कराराचं एक कलम आहे. आपली माहिती आपणच गोळा केली नाही, तर उद्या दुसऱ्याच्या आकड्यांवर वाद घालायची पाळी येईल.

एवढं सगळं असेल तर भारताने सही का केली नाही?

कारण भारताची नजर दुसऱ्या करारावर आहे. बाजूला काढलेला कळीचा भाग म्हणजे ज्या अनुदानांमुळे नौकांचा ताफा समुद्राला पेलवेल त्याहून मोठा होतो, ती अनुदानं. फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये अबू धाबीच्या परिषदेत त्यावर तोडगा निघणार होता, तो निघाला नाही. पहिल्या करारावर आधीच शिक्का मारला तर दुसऱ्या करारात घासाघीस करायला हातात काय उरणार, हा दिल्लीतला एक विचार.

भारताचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या हद्दीबाहेर, हजारो मैल लांब जाऊन मासेमारी करणाऱ्या देशांनी २५ वर्षं अनुदान बंद ठेवावं. विकसनशील देशांना आपल्या २०० सागरी मैलांच्या हद्दीत २५ वर्षांची मुभा मिळावी. समुद्र ज्याने उपसला त्याने भरपाई करावी. २०२२ मध्ये जिनिव्हात वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी दाखला दिला होता की भारतात मच्छीमार कुटुंबाला वर्षाला जेमतेम १५ डॉलर अनुदान मिळतं आणि काही देशांत हाच आकडा ४२ हजार, ६५ हजार, ७५ हजार डॉलर आहे.

हे म्हणणं बरोबर आहे का?

बहुतांशी बरोबर आहे. २०१८ मध्ये जगभर मासेमारीवर सुमारे ३,५४० कोटी डॉलर अनुदान दिलं गेलं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातले २,२२० कोटी डॉलर ताफ्याची ताकद वाढवणारे. देणाऱ्यांत चीन, युरोपीय संघ, अमेरिका, दक्षिण कोरिया आणि जपान सर्वांत पुढे. याच काळात समुद्राची काय अवस्था झाली तेही बघा. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मोजणीत अतिमासेमारी झालेले साठे १९७४ मध्ये १० टक्के होते, २०२१ मध्ये ३७.७ टक्के. हा समुद्र अर्नाळ्याच्या छोट्या मच्छीमाराच्या डोल जाळीने रिकामा केलेला नाही.

दुसऱ्या कराराच्या मसुद्यात आणखी एक मेख आहे. आमच्याकडे साठ्याचं व्यवस्थापन चोख आहे असं दाखवणाऱ्या देशाला मोठी अनुदानं चालू ठेवता येतात. उपग्रह, निरीक्षक, प्रयोगशाळा ज्यांच्याकडे आहेत ते हे दाखवू शकतात. ज्यांच्याकडे हजारो छोट्या होड्या आणि शेकडो लहान बंदरं आहेत, त्यांना ते अवघड. छोट्या मच्छीमारांसाठीच्या सवलती मसुद्यात होत्या, पण किती मैलांपर्यंत आणि किती वर्षं, यावर घोडं अडलं. इथे भारताने ताठर राहणं योग्यच आहे.

मग तुमचं मत काय? सही करावी की नाही?

पहिल्या करारावर करावी, दुसऱ्यावर लढावं. दोन्ही एकाच दोरीला बांधू नयेत.

पहिल्या करारातलं एकही कलम प्रामाणिक छोट्या मच्छीमाराच्या मुळावर येत नाही. त्यात ज्या मासेमारीवर रोख आहे ती त्याचीच मासळी पळवते. शिवाय वेळ हातातून चालली आहे. विकसनशील देशांच्या स्वतःच्या हद्दीतल्या अनुदानांना पहिल्या दोन बंदींबाबत दोन वर्षं तंट्यापासून संरक्षण आहे. मजकुराप्रमाणे ती दोन वर्षं करार अमलात आल्याच्या तारखेपासून मोजायची आहेत, म्हणजे १५ सप्टेंबर २०२७ पर्यंत. सही उशिरा केली म्हणून मुदत पुढे सरकत नाही. आजपासून तयारी केली तर ते संरक्षण कामाचं. २०२८ मध्ये सही केली तर पहिल्या दिवसापासून उघड्यावर.

बाहेर राहून बिघडतं काय? आपल्याला करार लागूच होत नाही ना?

बरोबर, आपल्या अनुदानांविरुद्ध या कराराखाली दावा करता येत नाही. पण कराराची अंमलबजावणी पाहणारी जी समिती आहे तिचं सदस्यत्वही मिळत नाही. इतर देशांनी आपल्या अनुदानांची काय माहिती दिली, कुठे लपवली, हे अधिकाराने विचारायचं ठिकाण तेच. विकसनशील देशांना नोंदणी आणि देखरेखीची यंत्रणा उभी करायला जो निधी आहे, तोही करार स्वीकारलेल्यांसाठीच आहे.

आणि आपल्या पश्चिमेला काय चाललं आहे ते पाहा. अरबी समुद्रात आपल्या हद्दीच्या पलीकडे, खुल्या समुद्रात, रात्री दिव्यांच्या झगमगाटात माकुल (स्क्विड) पकडणारी मोठी जहाजं काम करतात. त्यांत चीनची बरीच. हिंद महासागराची जी टुना संघटना आहे, तिच्याकडे माकुलचं व्यवस्थापन नाही. म्हणजे त्या मासेमारीवर कुणाचाच लगाम नाही. अशाच मासेमारीचं अनुदान करारातल्या तिसऱ्या बंदीने बंद केलं आहे आणि चीनने २०२३ मध्येच करार स्वीकारला आहे. चीन तो पाळतो का, हे सर्वांत जवळून दिसणार भारताला. पण प्रश्न विचारण्याच्या खोलीत भारतच नाही. इकडे आपण आपल्या मच्छीमाराला एलईडी दिव्यांवर बंदी घालतो, नौका जप्त करतो. ती कारवाई योग्यच आहे, पण पलीकडच्या दिव्यांबद्दल आपण बोलणार कुठे?

संघटना तर विरोध करतात. त्यांना हे कळत नाही का?

चांगलं कळतं. त्यांचा अविश्वास अनुभवातून आलेला आहे. १९९१ नंतर केंद्राने खोल समुद्रात परदेशी भागीदारीतल्या जहाजांना परवाने दिले. देशभरच्या मच्छीमारांनी बंद पाळले, उपोषणं केली. मग मुरारी समिती नेमावी लागली आणि १९९६ मध्ये तिने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली. ज्यांनी ती लढाई लढली त्यांना ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द ऐकूनच कान टवकारावेसे वाटले तर नवल नाही. २०२२ मध्ये किनारी राज्यांतले मच्छीमार प्रतिनिधी थेट जिनिव्हाला जाऊन उभे राहिले होते.

त्यांचा एक आक्षेप तर मजकुरातूनच सिद्ध होतो: पहिल्या करारात छोट्या मच्छीमाराला कायमची, नाव घेऊन दिलेली सूट नाही. दोन वर्षांचं संरक्षण आहे, बस्स. माझं म्हणणं एवढंच की ही सूट आपल्या कायद्यातूनही देता येते. नोंद न केलेली मासेमारी म्हणजे काय, हे आपण आपल्या नियमांत लिहायचं आहे. बिगरयांत्रिक होडी, रापण, हाताने फेकायचं पाग जाळं यांना कागदपत्रांच्या जाचातून वगळणारे नियम केले तर त्यांना बेकायदा ठरवायला आधारच उरत नाही. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये २०० मैलांच्या हद्दीसाठी जे नियम आणले, त्यात यांत्रिक आणि मोठ्या नौकांना ऑनलाइन प्रवेश परवाना लागतो, पारंपरिक होड्यांना नाही. दिशा तीच आहे.

यावर संसदेत मतदान होईल का?

होईलच असं नाही. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार स्वीकारणं हा केंद्र सरकारचा अधिकार आहे. मंत्रिमंडळाने ठरवलं की स्वीकृतिपत्र जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालकांकडे जातं. कायदा करायची गरज पडली तरच विषय संसदेत येतो. अनुच्छेद २५३ प्रमाणे करार अमलात आणण्यासाठी संसद राज्यांच्या विषयांवरही कायदा करू शकते.

मला हे खटकतं. किनाऱ्यावरच्या लाखो कुटुंबांशी निगडित कागदावर सभागृहात एक दिवस चर्चा होऊ नये? नियमाने सक्ती नसली तरी सरकारला चर्चा ठेवायला कुणी अडवलेलं नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आपले खासदार आहेत, गोव्याचे आहेत. प्रश्न विचारायला त्यांना कुणाची परवानगी लागत नाही.

यात राज्य सरकारचा संबंध काय?

फार मोठा. घटनेच्या सातव्या परिशिष्टात मत्स्यव्यवसाय राज्य सूचीत आहे आणि प्रादेशिक जलधीच्या बाहेरची मासेमारी संघ सूचीत. म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंत राज्य, त्यापुढे केंद्र. सही दिल्लीची असेल, पण कोणती नौका दोषी, कोणाला परतावा दिला, कोणत्या बंदरात किती मासळी उतरली, हे सगळे कागद राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा आहे. २०२१ मध्ये त्यात दंड वाढवले. गस्ती नौका आणि माणसं नसतील तर वाढलेला दंड कागदावरच राहतो.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीसमान दर्जा दिला. त्या सवलती जातील का?

पहिल्या करारामुळे नाही. वीज, कर्ज, विमा यांतल्या सवलती दोषी न ठरलेल्या नौकेला चालू राहतात.

करार कायमचा आहे का?

नाही, आणि हे फार कमी जणांना माहीत आहे. अमलात आल्यापासून चार वर्षांत, म्हणजे सप्टेंबर २०२९ पर्यंत, दुसऱ्या भागावर सर्वसमावेशक नियम ठरले नाहीत तर हा करार आपोआप संपतो. जागतिक व्यापार संघटनेच्या सर्वसाधारण परिषदेने वेगळं ठरवलं तरच तो टिकेल. म्हणून दबाव टाकायला बाहेरच राहायला हवं हा युक्तिवाद तितकासा टिकत नाही. दबाव करारातच बांधलेला आहे, तो आत बसूनही वापरता येतो.

आमच्या सोसायटीने आत्ता काय करावं?

नौकांची नोंदणी, परवाने आणि मालकांची नावं एकदा तपासून घ्या. मालक वारला, मुलाने नौका चालवली, कागद जुन्याच नावावर राहिला, असं पुष्कळदा दिसतं. उद्या अनुदानाची यादी नौकेच्या क्रमांकासह कळवायची वेळ आली की अशाच नौका आधी अडकतील. खरेदीच्या जुन्या वह्या रद्दीत घालू नका. त्यांचे फोटो काढून ठेवा. कोणत्या तारखेला कोणती मासळी, कोणत्या प्रतीची, किती किलो, एवढं रोज लिहिलं तरी पुरे. बाहेरचा ट्रॉलर घुसला तर वेळ, ठिकाण आणि दिसला तर नौकेवरचा क्रमांक टिपून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीवर कुणाचंही अनुदान थांबत नाही.

आणि ग्रामसभेत किंवा सोसायटीच्या वार्षिक सभेत ठराव करा: केंद्राने कराराचं अधिकृत मराठी भाषांतर द्यावं, सही करण्याआधी प्रत्येक किनारी जिल्ह्यात सुनावणी घ्यावी, आणि सीमेवर पकडल्या जाणाऱ्या नौकांबद्दल आपलं धोरण लेखी जाहीर करावं. ठरावाची एक प्रत जिल्ह्याच्या सहायक मत्स्यव्यवसाय आयुक्तांना, एक खासदारांना आणि एक दिल्लीला, वाणिज्य मंत्रालयाला पाठवा. जिनिव्हातल्या वाटाघाटी मत्स्य खातं करत नाही, वाणिज्य मंत्रालय करतं.